एक टाकलं की दुसरं निघतं: लिबकर्लची दोन डेव्ह पॅकेजेस एकाच मशीनवर

प्रश्न असा आहे: डेबियन १२ असलेल्या मशीनवर दोन प्रकल्प बिल्ड करायचे आहेत. एकाला लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह लागतं, दुसऱ्याला लिबकर्ल४-ग्नूटीएलएस-डेव्ह. (लिबकर्ल ही नेटवर्कवरून माहिती आणण्या-पाठवण्याची लायब्ररी; ओपनएसएसएल आणि ग्नूटीएलएस ही तिच्या सुरक्षित जोडणीसाठीची, म्हणजे टीएलएसची, दोन पर्यायी इंजिनं; डेव्ह पॅकेज म्हणजे तिच्यावर प्रोग्रॅम बिल्ड करायला लागणारं सामान.) एक इन्स्टॉल केलं की ॲप्ट दुसरं काढून टाकतं. फोर्स करून दोन्ही ठेवता येतील का?

फोर्स करू नका. ही दोन पॅकेजेस एकत्र बसणार नाहीत, पण बसवायची गरजही नाही. ओपनएसएसएलवालं डेव्ह पॅकेज तेवढं ठेवा. त्याच्याच जोरावर ग्नूटीएलएसवाला प्रकल्पही बिल्ड होतो. कसं ते खाली येतंय. (कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायची.)

आधी भांडण कशावरून आहे ते बघू, कारण उपाय त्यातूनच निघतो. डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वहीत डिस्कवरच्या एका फाइलचा मालक एकच पॅकेज असू शकतं. ही दोन्ही डेव्ह पॅकेजेस कर्ल.एच हे हेडर, लिबकर्ल.एसओ ही लिंक, लिबकर्ल.पीसी ही पीकेजी-कॉन्फिगची फाइल आणि /यूएसआर/बिन/कर्ल-कॉन्फिग ही स्क्रिप्ट नेमक्या त्याच पत्त्यांवर टाकतात. म्हणून पॅकेज बनवणाऱ्यांनी दोघांच्याही कन्फ्लिक्ट्स रकान्यात एकमेकांची नावं घालून ठेवली आहेत. ‘ॲप्ट-कॅशे शो’ करून पाहिलंत तर तो रकाना दिसेल. तो नसता, तर ॲप्टने दोन्ही उतरवली असती आणि दुसरं उलगडताना ‘ट्रायिंग टु ओव्हरराइट’ म्हणत डीपीकेजी अडून बसलं असतं. म्हणजे हा रकाना अडथळा नाही, आधीच लावलेली पाटी आहे.

आता रनटाइम, म्हणजे तयार प्रोग्रॅम चालताना लागणारी, पॅकेजेस बघा. लिबकर्ल४ मध्ये लिबकर्ल.एसओ.४ ही फाइल आहे आणि लिबकर्ल३-ग्नूटीएलएस मध्ये लिबकर्ल-ग्नूटीएलएस.एसओ.४. नावं वेगळी, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी सुखाने राहतात. डेबियनचं गिट ग्नूटीएलएसवाली लायब्ररी वापरतं, त्यामुळे गिट असलेल्या मशीनवर ती बहुधा आधीपासूनच असते. डेबियनने याच्याही पुढची काळजी घेतली आहे: एकीतल्या फंक्शनांवर ‘कर्ल_ओपनएसएसएल_४’ असा शिक्का असतो, दुसरीतल्यांवर ‘कर्ल_ग्नूटीएलएस_३’. एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही लोड झाल्या तरी कोणाचा कॉल कोणाकडे जायचा याचा गोंधळ होत नाही.

(मुळात दोन अवतार कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्यात जाहिरातीसंबंधीचं एक कलम होतं आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याशी जुळत नव्हतं. त्यामुळे जीपीएलखालच्या प्रोग्रॅमांसाठी वेगळी वाट काढावी लागली. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० पासून परवाना अपाची २.० झाला, पण तोवर दोन्ही अवतार रुळले होते. तिसरा, एनएसएस या आणखी एका टीएलएस लायब्ररीवरचाही होता. कर्लनेच २०२३ मध्ये ८.३.० पासून एनएसएसचा आधार काढून टाकला.)

तर भांडण फक्त कंपाइल आणि लिंक करण्याच्या वेळचं आहे. आणि एकाच डेबियन आवृत्तीतली ही दोन्ही पॅकेजेस एकाच सोर्समधून, इथे ७.८८.१ मधून, बनलेली असल्यामुळे हेडर फाइली सारख्याच आहेत. टीएलएस कोणतं वापरलंय याचा कर्ल.एचमध्ये मागमूस नसतो. फरक पडतो तो लिंकर (कंपाइल झालेल्या तुकड्यांना लायब्रऱ्या जोडणारा प्रोग्रॅम) कोणती .एसओ उचलतो एवढ्याच ठिकाणी.

म्हणून पहिला उपाय एका ओळीचा. लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह आणि लिबकर्ल३-ग्नूटीएलएस (रनटाइम) ही दोन ठेवा, आणि ग्नूटीएलएसवाल्या प्रकल्पात लिंक करताना ‘-एलकर्ल’ ऐवजी ‘-एल:लिबकर्ल-ग्नूटीएलएस.एसओ.४’ (इथे लहान एल) द्या. मधला अपूर्णविराम महत्त्वाचा: त्याने लिंकर ‘लिब’ आणि ‘.एसओ’ स्वतः जोडत बसत नाही, दिलेल्या नावाचीच फाइल शोधतो. हा पर्याय सोर्स किंवा ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर यायला हवा. बिल्डसाठी सीमेक हे साधन असेल तर ‘कर्ल_लायब्ररी’ या व्हेरिएबलला त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या, आणि आधीची बिल्ड डिरेक्टरी उडवून नव्याने सुरुवात करा, कारण सीमेक जुनं उत्तर कॅशेमध्ये धरून बसतं. कॉन्फिगर स्क्रिप्ट असेल तर ‘कॉन्फिगर --हेल्प’च्या शेवटी लिब्सने संपणारी व्हेरिएबल्स दिसतात (कुठे लिबकर्ल_लिब्स, कुठे कर्ल_लिब्स), तिथे हेच मूल्य भरा.

काही प्रकल्प मात्र असे असतात की ‘-एलकर्ल’ त्यांच्या पोटात खोल कुठेतरी लिहिलेलं असतं, किंवा ते कर्ल-कॉन्फिगला विचारून येतं. पायकर्ल, म्हणजे पायथनमधून लिबकर्ल वापरू देणारं पॅकेज, हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे लिंकरलाच चकवा द्यायचा. होममध्ये ‘ग्नूटीएलएस-लिंक’ नावाची डिरेक्टरी करा आणि तिच्यात एकच सिमलिंक टाका: नाव ‘लिबकर्ल.एसओ’, रोख ‘/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू/लिबकर्ल-ग्नूटीएलएस.एसओ.४’. मग बिल्डच्या आधी एलडीफ्लॅग्समध्ये ‘-एल’ (मोठा एल) देऊन या डिरेक्टरीचा पत्ता टाका. लिंकर तिथे आधी बघतो, लिबकर्ल.एसओ सापडते, तो ती उघडतो आणि आत लिहिलेलं सोनेम (लायब्ररीने स्वतःचं म्हणून नोंदवलेलं नाव) वाचतो. ते ‘लिबकर्ल-ग्नूटीएलएस.एसओ.४’ असतं, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये तेच नोंदवलं जातं. बाहेरचं नाव काय होतं हे लिंकर लगेच विसरतो. त्यामुळे ही डिरेक्टरी बिल्ड झाल्यावर पुसून टाकलीत तरी प्रोग्रॅम चालतो.

इथे एक बारीक खाच आहे. एलडीफ्लॅग्समध्ये होमसाठी ‘~’ हे चिन्ह वापरू नका, ‘$होम’ लिहा. ‘-एल’ला चिकटलेलं ‘~’ शब्दाच्या सुरुवातीला नसल्याने शेल ते उलगडत नाही. लिंकरला अक्षरशः ‘~’ नावाची डिरेक्टरी शोधावी लागते, ती मिळत नाही, आणि तो कुरकुर न करता सिस्टिममधली ओपनएसएसएलवाली लायब्ररी जोडून मोकळा होतो. बिल्ड यशस्वी, निकाल चुकीचा.

पायकर्लसाठी एवढं पुरत नाही. त्याच्या कोडमध्ये टीएलएसनुसार वेगवेगळे भाग कंपाइल होतात, म्हणून ‘पायकर्ल_एसएसएल_लायब्ररी’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ‘ग्नूटीएलएस’ करा आणि लिबग्नूटीएलएस२८-डेव्हही इन्स्टॉल करा. पिपला ‘--नो-बायनरी पायकर्ल’ आणि ‘--नो-कॅशे-डिर’ हे दोन्ही पर्याय द्या. पहिला नसेल तर पिप तयार व्हील (आधीच बिल्ड केलेलं पॅकेज) उतरवेल आणि तुमची सगळी व्हेरिएबल्स वाऱ्यावर जातील. दुसरा नसेल तर कालच्या चुकीच्या बिल्डचं व्हील कॅशेमधून निघून पुन्हा तेच बसेल. हे जुळलं नाही की इम्पोर्ट करताना पायकर्ल सांगतं: लिंक करतानाचं एसएसएल बॅकएंड आणि कंपाइल करतानाचं एसएसएल बॅकएंड वेगळं आहे. ही एरर दिसली की कोड चाळत बसू नका, वरची तीन ठिकाणं तपासा: एलडीफ्लॅग्समधली डिरेक्टरी, हे व्हेरिएबल आणि पिपचे पर्याय.

बिल्ड झाल्यावर खात्री करा, ‘झालं वाटतं’वर जाऊ नका. ‘रीडएल्फ -डी’ने तयार फाइलमधल्या ‘नीडेड’ ओळी बघा: लिबकर्लच्या नावाची ओळ एकच असावी आणि ती ग्नूटीएलएसवाली असावी. दोन दिसल्या, तर कुठून तरी ‘-एलकर्ल’ही घुसलं आहे. एलडीडीवर मात्र एवढ्यापुरता विसंबू नका; ते अप्रत्यक्ष येणाऱ्या लायब्रऱ्याही दाखवतं, त्यामुळे दुसऱ्या कोणामार्फत आलेली लिबकर्ल पाहून उगाच घाबरायला होतं. अजून खोलात जायचं तर ‘ऑब्जडम्प -टी’ (मोठा टी) करून कर्ल_ईझी_इनिटच्या शेजारचा शिक्का वाचा. आणि प्रोग्रॅम चालू असताना कर्ल_व्हर्जन() किंवा पायथनमध्ये पायकर्ल.व्हर्जन छापलंत, की डेबियन १२ वर ‘ग्नूटीएलएस/३.७.९’ असं दिसायला हवं.

दोन शिक्के असल्यामुळे दोन्ही लायब्रऱ्या एका प्रोसेसमध्ये राहू शकतात हे खरं, पण एकीने बनवलेलं हँडल दुसरीच्या हातात दिलंत तर प्रोग्रॅम कोसळणार. प्लगइन लोड करणाऱ्या प्रोग्रॅमात हे होतं. तसंच काही पर्याय एकाच बाजूला चालतात: कर्लऑप्ट_एसएसएल_सीटीएक्स_फंक्शन ग्नूटीएलएसवर चालत नाही. सेटऑप्ट एरर कोड परत देतो, पण तो कोणी तपासत नाही, आणि सर्टिफिकेटची खास तपासणी गुपचूप गळून पडते. प्रकल्पाला ‘ओपनएसएसएलवालंच हवं’ असं लिहिलेलं असेल, तर आधी कोडमध्ये हा शब्द शोधा. तो सापडला तर अट खरी आहे. नाही सापडला तर बऱ्याचदा ती कोणीतरी रीडमीमध्ये सवयीने लिहिलेली असते, आणि मग दोन अवतारांचा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं हेडर सारखी आहेत म्हणून जमलं. ज्या जोड्यांमध्ये हेडरच वेगळी असतात तिथे हव्या त्या डेव्ह पॅकेजची .डेब फाइल ‘ॲप्ट डाउनलोड’ने आणा आणि ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ने /ऑप्टखालच्या एखाद्या डिरेक्टरीत नुसती उलगडा. उलगडणं म्हणजे इन्स्टॉल करणं नव्हे. डीपीकेजीच्या वहीत काहीच चढत नाही, म्हणून भांडणही होत नाही. पण यात दोन सापळे आहेत.

पहिला पीसी फाइलचा. तिच्यात ‘प्रीफिक्स=/यूएसआर’ लिहिलेलं असतं, त्यामुळे पीकेजी_कॉन्फिग_पाथ नव्या जागी वळवलात तरी उत्तर जुन्याच पत्त्याचं येतं. वर /यूएसआर/इन्क्लूड हा सिस्टिमचा पत्ता म्हणून पीकेजी-कॉन्फिग तो गाळूनच टाकतं. बाहेरून दिसतं ते रिकामं उत्तर. ‘--डिफाइन-प्रीफिक्स’ हा पर्याय इथे मदतीला येत नाही, कारण तो पीसी फाइलपासून दोन पायऱ्या वर जातो, आणि डेबियनमध्ये मध्ये ‘एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू’ ही जास्तीची पायरी असते. फाइल उघडून प्रीफिक्सची ओळ हाताने बदला, आणि खाली कुठे थेट /यूएसआर लिहिलेलं असेल तर तेही.

दुसरा सापळा सिमलिंकचा, आणि यात जास्त वेळ जातो. डेव्ह पॅकेजमधली .एसओ ही खरी लायब्ररी नसते. ती शेजारच्या, म्हणजे रनटाइम पॅकेजमधल्या, फाइलकडे बोट दाखवणारी सापेक्ष लिंक असते. नव्या जागी ती फाइल नाही, म्हणून लिंक लोंबकळते. लिंकर ती उघडू शकत नाही, त्याच डिरेक्टरीत .ए फाइल (प्रोग्रॅममध्येच कोंबायची स्टॅटिक लायब्ररी) दिसते, तो ती घेतो आणि स्टॅटिक लिंक करायला जातो. स्क्रीनभर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. वैतागून .ए फाइल काढून टाकलीत, तर पुढचं पाऊल त्याहून वाईट: लिंकर पुढच्या डिरेक्टरीत जातो, सिस्टिममधला दुसरा अवतार उचलतो आणि बिल्ड हसतहसत पूर्ण होतं. यावर रनटाइमची .डेबसुद्धा तिथेच उलगडावी असं सुचेल. ते चालतं, पण ती प्रत मग तिथेच शिळी होत पडते. सुरक्षेचे अपडेट तिला कधी मिळत नाहीत. त्यापेक्षा लोंबकळणारी लिंक काढून तिच्या जागी /यूएसआर/लिबमधल्या खऱ्या फाइलचा पूर्ण पत्ता असलेली लिंक करा. प्रोग्रॅम चालताना मग सिस्टिमचीच, अपडेट होणारी लायब्ररी वापरली जाते, आणि आरपाथ (प्रोग्रॅममध्येच लिहिलेला, लायब्रऱ्या शोधायचा पत्ता) किंवा एलडी_लायब्ररी_पाथच्या (तेच काम करणाऱ्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलच्या) भानगडीत पडावं लागत नाही.

रोजच्या रोज, अनेक प्रकल्प, अनेक अवलंबनं असतील तर वरच्या युक्त्या सोडा आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र क्रूट (डिस्कवर वेगळी ठेवलेली छोटी सिस्टिम) किंवा कंटेनर द्या. डेबियनच्या स्वतःच्या बिल्ड यंत्रांवरही असंच होतं: दर पॅकेजसाठी कोरी क्रूट, तिच्यात फक्त जाहीर केलेली अवलंबनं. म्हणूनच डेव्ह पॅकेजेस एकमेकांशेजारी बसावीत असा कोणाचा आग्रह नाही. घरच्या मशीनवर पॉडमन हा कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम पुरतो. ‘डेबियन:बुकवर्म-स्लिम’ इमेज घ्या, सोर्सची डिरेक्टरी ‘-व्ही’ने आत जोडा, आत बिल्ड-एसेन्शियल आणि त्या प्रकल्पाचं डेव्ह पॅकेज टाका. रूटशिवाय चालणाऱ्या पॉडमनमध्ये तयार फाइलींचा मालक बाहेर तुम्हीच राहता. डॉकरमध्ये त्या रूटच्या नावावर पडतात, मग ‘-यू’ देऊन आपला युजर क्रमांक सांगावा लागतो. इमेज मात्र जिथे प्रोग्रॅम चालवणार त्याच आवृत्तीची किंवा जुनी घ्या. डेबियन १३ च्या इमेजमध्ये बिल्ड करून १२ वर नेलंत, तर बहुधा ‘जीलिबसी_२.३८ नॉट फाउंड’ म्हणत प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. १२ वर जीलिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) २.३६ आहे.

स्वतः कर्ल बिल्ड करण्याचाही मार्ग आहे. ७.५६.० पासून एकाच लिबकर्लमध्ये दोन्ही टीएलएस घालता येतात (‘--विथ-ओपनएसएसएल --विथ-ग्नूटीएलएस’) आणि कर्ल_ग्लोबल_एसएसएलसेट() ने, कर्ल_ग्लोबल_इनिटच्या आधी, हवं ते निवडता येतं. पण त्याचं प्रीफिक्स /ऑप्टखाली ठेवा, /यूएसआर/लोकल नको. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या शोधणारा) /यूएसआर/लोकल/लिब आधी बघतो, आणि घरच्या बिल्डवर डेबियनचे शिक्के नसतात. मग सिस्टिमचं कर्ल आणि सीमेक दर वेळी ‘नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल’ ओरडू लागतात. ही ओरड दिसली की पहिला संशय तिथेच घ्यायचा; दुसरा, एखादं कॉन्डा एन्व्हायर्न्मेंट चालू राहिलंय का याचा.

आता फोर्सबद्दल. ‘--फोर्स-कन्फ्लिक्ट्स’ आणि ‘--फोर्स-ओव्हरराइट’ देऊन दोन्ही बसतात खरी. नंतर आलेलं पॅकेज आधीच्याच्या फाइलींवर आपल्या फाइली टाकतं आणि मालकीही घेतं. पुढच्या ॲप्ट कमांडला ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ येतं, ॲप्ट ‘--फिक्स-ब्रोकन’ सुचवतं, तुम्ही होय म्हणता, आणि ते एक पॅकेज काढतं. नंतरचं गेलं की कर्ल.एचही गेलं, पहिलं पॅकेज यादीत ‘इन्स्टॉल्ड’ दिसतं आणि हेडर मात्र डिस्कवर नसतं. असं आधीच करून बसला असाल तर दोन्ही काढा आणि एकच ‘--रीइन्स्टॉल’ने पुन्हा टाका. पॅकेजची फाइल दुसऱ्या नावावर वळवणारं डीपीकेजी-डायव्हर्ट एखाद-दुसऱ्या फाइलसाठी ठीक आहे, हेडरच्या अख्ख्या संचासाठी नाही.

रनटाइम पॅकेजेसचंच भांडण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. उबुंटू १८.०४ वर लिबकर्ल३ आणि लिबकर्ल४ एकत्र बसत नसत, कारण दोघांतही लिबकर्ल.एसओ.४ याच नावाची फाइल होती. फक्त आतला शिक्का ‘कर्ल_ओपनएसएसएल_३’चा ‘_४’ झाला होता. एखादा जुना, सोर्स नसलेला प्रोग्रॅम ३ मागायचा, म्हणून लोक लिबकर्ल३ टाकायचे आणि कर्ल कमांडच गायब व्हायची. अशा वेळी जुनी .डेब त्या प्रोग्रॅमच्याच डिरेक्टरीत उलगडा, ती ज्या जुन्या लिबएसएसएलवर उभी आहे तीही सोबत ठेवा, आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या दोन ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्येच एलडी_लायब्ररी_पाथ लावा. बॅशआरसीमध्ये तो लावलात, तर जुनी लायब्ररी प्रत्येक प्रोग्रॅमच्या गळ्यात पडेल. त्याऐवजी तयार प्रोग्रॅममधला आरपाथ बदलणारं पॅचएल्फ वापरत असाल तर ‘--सेट-आरपाथ’सोबत ‘--फोर्स-आरपाथ’ही द्या: नुसतं दिलं तर रनपाथ लिहिला जातो आणि तो फक्त प्रोग्रॅमच्या थेट लायब्रऱ्यांना लागू होतो, म्हणजे लिबकर्ल सापडते पण तिला हवी असलेली लिबएसएसएल सापडत नाही. ‘$ओरिजिन’ (प्रोग्रॅमची स्वतःची डिरेक्टरी) एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल ते रिकामं करून टाकतं. आणि नेटवर्कवर बोलणारी, अपडेट बंद झालेली लायब्ररी आहे ही. बाहेरच्या जगाला तोंड देणाऱ्या सर्व्हरवर तिला जागा नको.

ॲप्ट निदान भांडण सांगतं तरी. पिपमध्ये (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कन्फ्लिक्ट्स असा रकानाच नाही. ओपनसीव्ही-पायथन, ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस आणि त्यांचे दोन कॉन्ट्रिब अवतार, अशी चारही पॅकेजेस एकाच सीव्ही२ डिरेक्टरीत फाइली टाकतात. एका लायब्ररीने एक मागितलं, दुसरीने दुसरं, पिप दोन्ही मुकाट्याने बसवतं आणि शेवटी बसलेलं जिंकतं. मग चित्र खिडकीत दाखवणारं आयएमशो चालेनासं होतं. म्हणून हेडलेस काढायला जावं तर सीव्ही२मधल्या सामायिक फाइलीही जातात आणि इम्पोर्टच बंद पडतो. चारही नावं एकाच अनइन्स्टॉल कमांडमध्ये द्या, साइट-पॅकेजेसमध्ये सीव्ही२ उरली असेल तर हाताने पुसा, आणि मग हवं ते एकच टाका. दोन्ही खरोखर लागत असतील तर दोन व्हेन्व्ह (पायथनच्या स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट).